पडून लागलं

ड्युटी संपवून निघायच्या बेतात होते, तेवढ्यात रेकॉर्ड रूममधून फोन आला. एक बाई जुन्या केसपेपरांच्या प्रती घ्यायला आलीय, चार वर्षांतले तीन कागद सापडलेत, पण त्यातल्या एकावरचं अक्षर कुणालाच लागत नाहीये. सही तुमची वाटते, जरा येऊन जाता का?

गेले. अक्षर माझंच होतं. घाईतलं, पुढे झुकलेलं, 'र' कुठला आणि 'व' कुठला ते क्षणभर माझं मलाच कळेना. क्लार्कला वाचून दाखवलं, "घरी जिन्यावरून पडून डाव्या हाताला इजा. प्लास्टर. वेदनाशामक. दहा दिवसांनी दाखवणे."

बाई खुर्चीच्या कडेवर बसली होती. म्हणाली, "बाकी काही नाही का लिहिलेलं?"

बाकी काही लिहिलेलं नव्हतं.

कागद तिला न्यायालयात द्यायचे होते. घरात काय काय झालं याचा तिच्याकडे दुसरा पुरावा नव्हता. शेजारी बोलायला तयार नव्हते आणि घरात तिच्याखेरीज मोठं माणूस म्हणजे मारणारा नवराच. राहिलो आम्ही. आणि आम्ही लिहून ठेवलं होतं, जिन्यावरून पडून.

मी पंचविसेक वर्षं नर्स आहे, त्यातली बरीचशी तातडीच्या विभागात गेली. रुग्णालय कुठलं ते सांगणार नाही. आणि या लेखात जे पेशंट येतील त्यांचे तपशील इतके बदलले आहेत की त्यांचं त्यांनाही ओळखू येऊ नये.

त्या हाताबद्दल मात्र सांगायला हवं. कोपरापासून मनगटापर्यंत दोन हाडं असतात. तिचं मोडलेलं होतं ते करंगळीच्या बाजूचं, अल्ना, आणि तेही बरोबर मधोमध. पडणारा माणूस तळहात टेकतो, त्यामुळे साधारणपणे त्याचं मनगट मोडतं. मधलं हे एकच हाड मोडतं ते बहुतेकदा थेट घावानं, माणसानं तो चुकवायला हात चेहऱ्यासमोर आडवा धरलेला असताना. अस्थिरोगाच्या पुस्तकांत याला 'नाइटस्टिक फ्रॅक्चर' म्हणतात, नाइटस्टिक म्हणजे पोलिसाचा दंडुका. परीक्षेत यावर प्रश्न आला असता तर मी पैकीच्या पैकी गुण घेतले असते. त्या रात्री मी 'जिन्यावरून पडून' लिहिलं, कारण सोबत आलेल्या माणसानं तसं सांगितलं आणि त्याच्या मागे अजून अकराजण ताटकळत होते.

तो माणूस आठवतो म्हणणं खोटं ठरेल. असे इतके आले की त्यांचा एकच चेहरा झालाय. नीटनेटका, काळजीत, बोलायला चांगला. बायकोला विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर तोच देतो. किती दुखतंय, हेसुद्धा. खरं सांगायचं तर आम्हा नर्सना अशा नवऱ्यांचं कौतुकच वाटायचं. इतर नवरे बाहेर फोनवर असतात, हा बघा कसा पलंगाला चिकटून उभा आहे! पलंगाला चिकटून उभं राहण्याचं कारण वेगळंही असू शकतं, हे कळायला मला लाज वाटावी इतकी वर्षं लागली.

या बाबतीत आम्ही एकटे नाही, हे पुढे एका प्रशिक्षणात समजलं. १९७९ साली इव्हान स्टार्क, अ‍ॅन फ्लिटक्राफ्ट आणि विल्यम फ्रेझियर या तिघांनी अमेरिकेतल्या एका रुग्णालयाच्या तातडीच्या विभागातून ४८१ बायकांचे केसपेपर काढून वाचले. डॉक्टरांच्या नोंदींवरून पाहिलं तर ३५ बायकांत १ मारहाणीची. त्याच कागदांवरच्या जखमा नीट मांडल्या तर ४ बायकांत १. कागद तेच आणि जखमाही त्याच. शिवाय ज्या बायका पुन्हा पुन्हा येत होत्या त्यांच्या कागदांवर हळूहळू वेगळेच शब्द उमटत गेले होते. घाबरट, नाटकी, सतत काहीतरी दुखतं म्हणणारी. आणि शब्दांमागोमाग शांत करणाऱ्या गोळ्या.

रेकॉर्ड रूममधल्या बाईचा दुसरा कागद माझा नव्हता, पण तो बघून मला हेच आठवलं. "डोकेदुखी, झोप नाही, छातीत धडधड. तपासण्या नॉर्मल. चिंता. झोपेची गोळी रात्री एक." पहिल्या कागदानंतर वर्षभरानं. ज्यानं लिहिलं त्याच्यासमोर पहिला कागद असता, तर? पण तो गठ्ठ्यात कुठेतरी होता, आणि असता तरी त्यावर जिनाच होता.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ साली आकडे प्रसिद्ध केले. १५ ते ४९ वयाच्या, कधी ना कधी जोडीदार असलेल्या बायकांपैकी सुमारे २७ टक्के जणींनी आयुष्यात केव्हातरी जोडीदाराकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेली असते. म्हणजे बायकांच्या भरलेल्या वॉर्डातून औषधांची ट्रॉली ढकलत गेलं तर दर चार पलंगांमागे एक. पुरुषही येतात, म्हातारे आईबाप येतात, त्यांना विचारणं आम्हाला अजून जड जातं. पण मी इथे बायकांबद्दलच लिहितेय, कारण माझ्या हातून निसटल्या त्या बहुतेक बायका होत्या.

प्रशिक्षणात पहिली गोष्ट शिकवली ती दार लावायची. ऐकायला किती सोपं! पण कॅज्युअल्टीत दार असतंच कुठे? पडदे असतात. पडद्याआड बोललेलं शेजारच्या तीन पलंगांना ऐकू जातं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट म्हटलंय की खासगी जागा नसेल तर विचारू नका. तो ऐकू शकेल अशा ठिकाणी विचारणं हे न विचारण्यापेक्षा वाईट, कारण घरी गेल्यावर त्या प्रश्नाची किंमत ती चुकवते.

म्हणून आधी त्याला बाहेर काढायचं, आणि काढलंय असं वाटू द्यायचं नाही. यात आम्ही नर्स तरबेज होत गेलो. एक्स-रेच्या खोलीत सोबत्याला जाता येत नाही, तिथे जाणारा लांब कॉरिडॉर आमचा. लघवीचा नमुना द्यायला मी तिला स्वतः बाथरूमपर्यंत नेते. "सगळ्याच पेशंटना आम्ही काही वेळ एकटं तपासतो, नियम आहे," हे वाक्य रोज वीस वेळा म्हणायचं, म्हणजे एकविसाव्या वेळी त्यात काही वेगळं वाटत नाही. काही दवाखान्यांत बाथरूममध्ये एक पाटी असते. घरी सुरक्षित वाटत नसेल तर नमुन्याच्या डबीला खाली ठेवलेलं रंगीत स्टिकर लावा. बोलायचं नाही, कुणाकडे बघायचंही नाही. बाई डबी खिडकीत ठेवते आणि बाहेर येऊन त्याच्या शेजारी बसते.

भाषा वेगळी असेल तर दुभाषा घरचा नको, हाही धडा तेव्हाचाच. मी एकदा एका मुलाला आईचं भाषांतर करायला सांगितलं होतं. नऊ वर्षांचा असेल. तो म्हणाला, "आई म्हणते काही नाही झालं." आई बरंच काही बोलली होती.

मग प्रश्न. सुरुवातीला मी सरळ विचारायचे, "नवरा मारतो का?" बायका सरळ "नाही" म्हणायच्या. त्यात खोटं काही नव्हतं. मारणं म्हणजे काठी, पट्टा, रक्त. ढकलणं मारण्यात येत नाही. हात पिरगाळणं येत नाही. दारात आडवं उभं राहणं, पगार काढून घेणं, गर्भनिरोधक गोळ्या फेकून देणं, रात्रभर झोपू न देणं, यातलं काहीच येत नाही. "मारत नाही हो, फक्त कधीकधी राग आला की भिंतीला दाबून धरतो," असं एक बाई मला अगदी सहज म्हणाली होती.

आता मी असं विचारते, "अशी लागलेली माणसं आमच्याकडे बरीच येतात, आणि पुष्कळदा घरातल्याच कुणीतरी इजा केलेली असते. तुमच्या बाबतीत तसं काही आहे का? घरी कुणाची भीती वाटते का?" आणि त्याच्याही आधी, तिनं तोंड उघडण्याआधी, मी काय गुपित ठेवू शकते आणि काय नाही ते सांगते. प्रत्येक देशाचा कायदा वेगळा; काही गोष्टी, विशेषतः लहान मुलांच्या जिवाशी संबंधित, कळवाव्या लागतात. विश्वास मिळवून मग "हे मात्र मला सांगावं लागेल" म्हणणं म्हणजे दगा आहे. तो एकदा झाला की ती बाई परत कुठल्याच नर्सला काही सांगत नाही.

प्रश्न विचारल्यावर हातांना काम द्यावं असं माझं स्वतःचं मत आहे, कुठल्या पुस्तकात नाही. बँडेज गुंडाळत राहावं, ड्रेसिंगचा ट्रे आवरावा. टक लावून पाहत बसलं की तिला पोलीस चौकशीसारखं वाटतं. शांतता लांबते. लांबू द्यावी. या कामात मला सगळ्यात कठीण तेच गेलं, कारण कॅज्युअल्टीत कुणी गप्प बसलं की आमचा हात आपोआप नाडीकडे जातो.

आणि ती सांगते तेव्हा? जागतिक आरोग्य संघटनेच्या पुस्तिकेत पाच पायऱ्या दिल्यात, त्यांच्या इंग्रजी आद्याक्षरांचा 'लाइव्ह्ज' असा शब्द होतो. ऐकणं, काय हवंय ते विचारणं, विश्वास दाखवणं, सुरक्षिततेचा विचार, पुढची मदत. "तुम्ही सांगितलंत ते बरं केलंत, यात तुमची काही चूक नाही" हे वाक्य पुस्तिकेत वाचलं तेव्हा गुळमुळीत वाटलं होतं. पहिल्यांदा मोठ्यानं म्हटलं तेव्हा समोरची बाई चाळिशीतली होती, शिक्षिका होती, आणि ती म्हणाली, "परत एकदा म्हणता?"

दुसऱ्या पायरीबद्दल थोडं जास्त सांगते, कारण तिथे मी सर्वांत जास्त चुकले. काय हवंय ते विचारायचं. मी गृहीत धरायचे की हिला आसरा हवा, पोलीस हवेत, वकील हवा. एका मुलीचा डोळा सुजून बंद झाला होता. निवारागृहाचा नंबर माझ्या जिभेवर तयार. तिला विचारलं, आत्ता सगळ्यात आधी काय मदत करू? ती म्हणाली, "सोमवारी मला ऑफिसात जायचंय. हे लोकांच्या डोळ्यांत येणार नाही असं काही करता येईल का?" मी जरा खट्टू झाले, कबूल करते. पण नोकरी गेली असती तर तिच्या हातातला एकुलता एक पैसा गेला असता, आणि तो असल्याशिवाय निवारागृहाच्या नंबराचा तिला काडीचा उपयोग नव्हता. तिनं हिशेब माझ्याआधी केलेला होता.

याच्या उलट केलेलं एक उदाहरण माझ्या नावावर आहे. दात तुटलेली एक बाई. मी तावातावानं म्हणाले, "अहो, सोडून द्या त्याला! अशा माणसाबरोबर राहायचंच कशाला?" तिनं मान डोलावली, आभार मानले, आणि टाके काढायलासुद्धा परत आली नाही. घरी तो सांगतो काय करायचं, दवाखान्यात मी सांगितलं काय करायचं. तिच्या दृष्टीनं फरक एवढाच की माझा आवाज मोठा असला तरी हात उचललेला नव्हता.

सोडून जाण्याची वेळच अनेकदा सर्वांत धोक्याची असते, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. जॅकलिन कॅम्पबेल नावाच्या संशोधक नर्सनं १९८५ मध्ये 'डेंजर असेसमेंट' नावाची प्रश्नावली तयार केली, जिवाला धोका किती आहे याचा अंदाज घेणारी. आज ती वीस प्रश्नांची आहे. मारहाण वाढत चाललीय का, घरात बंदूक आहे का, गळा दाबला का, गेल्या वर्षभरात त्याला सोडलं होतं का, तो आत्महत्येची धमकी देतो का, तो आपल्याला मारून टाकू शकेल असं तुम्हाला वाटतं का. पण प्रश्नांआधी एक कॅलेंडर असतं. मागच्या वर्षाचं, बाराही महिने एका कागदावर. बाईच्या हातात पेन द्यायचं आणि साधारण कधी कधी काय काय झालं ते आठवून खुणा करायला सांगायचं.

मी पहिल्यांदा हे केलं ती दुपार लक्षात आहे. ती म्हणत होती, "तसं क्वचितच होतं." पहिल्या तीन महिन्यांत एकच खूण झाली, मुलाच्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी. मग उन्हाळ्यात दोन. मग ती सणवार, मुलाच्या परीक्षा, आपली आजारपणं असं एकेक धरून आठवत गेली आणि पेन भराभर चालू लागलं. शेवटच्या दोन महिन्यांशी थांबली. तिथे चौकटींत जागा उरली नव्हती, एकावर एक खुणा. कागद थोडा लांब धरून तिनं पाहिला. मी एक शब्द बोलले नाही. "म्हणजे हे वाढतंय," ती म्हणाली, स्वतःशीच. त्या वीस मिनिटांत मी तिला काहीही समजावलं नव्हतं.

गळ्याबद्दलचा प्रश्न मात्र मी आता कुणालाही न चुकता विचारते. 'गळा दाबला का' असंही नाही, 'त्याचा हात कधी गळ्यावर आला का' असं. कारण 'दाबला' म्हटलं की बायका चित्रपटातलं दृश्य डोळ्यांसमोर आणतात आणि नाही म्हणतात. सॅन डिएगोतल्या ३०० पोलीस प्रकरणांचा अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. गळा आवळल्याच्या त्या प्रकरणांपैकी निम्म्यांत बाहेरून गळ्यावर काहीच दिसत नव्हतं. काही नाही! म्हणून शोधायचं वेगळीकडे. आवाज घोगरा झालाय का. गिळताना दुखतं का. पापणी उलटून पाहायची, कानामागे पाहायचं, सुईच्या टोकाएवढे लाल ठिपके असतात. मधलं काही आठवत नाही असं होतं का. आणि सगळ्यात अवघड प्रश्न, त्या वेळी कपडे ओले झाले होते का. शुद्ध हरपताना लघवीवरचा ताबा जातो. बाईला वाटतं ही आपली लाजिरवाणी गोष्ट आहे, ती कधीच आपणहून सांगत नाही. मानेतल्या रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराला चीर पडलेली असली तर अर्धांगाचा झटका काही दिवसांनीही येऊ शकतो, तरण्याताठ्या बाईला. म्हणून गळ्यावर काही दिसत नाही एवढ्यावर तिला घरी धाडायचं नसतं. डॉक्टरांना बोलवायचं, गरज असेल तर रक्तवाहिन्यांचा सीटी स्कॅन. आणि २००८ च्या एका अभ्यासानं दाखवलं की जोडीदारानं आधी गळा आवळलेला असेल, तर पुढे त्याच्याच हातून खून होण्याचा धोका सातपटीहून जास्त असतो. ही दुसरी गोष्ट मी बाईला सांगते. घाबरवायला नाही, पुढे काय करायचं ते तिला ठरवायचंय, म्हणून.

आमच्याकडे एक मोठे डॉक्टर होते. मनानं फार चांगले, आणि अन्याय बघवत नसे. एकदा त्यांनी एका पेशंटच्या नवऱ्याला केबिनमध्ये बोलावून चांगलं फैलावर घेतलं. दोघांना समोरासमोर बसवून समजूतही घातली. तो रडला, माफी मागितली. आम्ही सगळे खूश. पाचव्या दिवशी ती परत आली, या वेळी बरगड्या. "तू सांगितलंस ना त्यांना," एवढंच तो म्हणाला होता, असं ती म्हणाली. डॉक्टरांनी त्यानंतर तसं कधी केलं नाही. त्या दिवसाबद्दल ते कधी बोललेही नाहीत.

एकटा डॉक्टर, एकटी नर्स, हे काम होत नाही. विचारायचं आणि पुढे पाठवायला कुणी नाही, असं असलं तर हळूहळू विचारणंच बंद होतं. माझंही झालं होतं, मधली दोन वर्षं. मलेशियात १९९४ साली क्वालालंपूरच्या रुग्णालयात एक केंद्र सुरू झालं, तपासणी, समुपदेशन, पोलीस आणि कायद्याची मदत एकाच छताखाली, बाईला दारोदार फिरायला नको म्हणून. मुंबईत 'दिलासा' हे महापालिकेच्या रुग्णालयातलं केंद्र २०००च्या सुमारास आलं. ब्रिटनमध्ये ब्रिस्टल आणि लंडनमधलं हॅकनी इथे ४८ दवाखाने घेऊन 'आयरिस' नावाचा प्रयोग झाला. निम्म्या दवाखान्यांना प्रशिक्षण दिलं आणि प्रत्येकाला एक ठरावीक कार्यकर्ती जोडून दिली, जिला फोन केला की ती पेशंटला भेटायची. निकाल २०११ मध्ये आला. वर्षभरात या दवाखान्यांनी २२३ बायकांना मदतीसाठी पुढे पाठवलं. बाकीच्या निम्म्यांनी १२. हा फरक मला त्या फोन नंबराचा वाटतो. फोन उचलणारं माणूस ओळखीचं असलं की नर्सच्या तोंडून प्रश्न सुटतो.

सगळ्याच बायकांना विचारावं की लक्षणं दिसतील तिथेच, यावर जाणकारांत एकमत नाही. कॅनडातल्या एका मोठ्या अभ्यासात, २००९ चा तो, नुसती प्रश्नावली भरून घेऊन उत्तरं डॉक्टरांकडे दिल्यानं बायकांच्या आयुष्यात फारसा फरक दिसला नाही. जागतिक आरोग्य संघटना सरसकट विचारा असं म्हणत नाही. अमेरिकेतल्या तज्ज्ञ समितीनं २०१८ मध्ये प्रजननक्षम वयाच्या सगळ्या बायकांना विचारावं आणि होय म्हणतील त्यांना सतत आधार मिळेल अशी सोय करावी, अशी शिफारस केली. दोघांच्या मधे कुठेतरी माझं मत आहे, आणि ते फार शास्त्रीय नाही. चौकोनात टिक करून घेण्यासाठी जी नर्स विचारते तिला उत्तर 'नाही' असंच मिळतं. मी तीन वर्षं अशाच खुणा केल्या आहेत, मला माहीत आहे.

आता लिहिण्याकडे येते, कारण रेकॉर्ड रूममधली बाई अजून बसलेली आहे.

'पेशंटचं म्हणणं असं की' किंवा 'पेशंटचा आरोप' असे शब्द आम्ही सवयीनं लिहितो. वकिली बाज येतो, सुरक्षित वाटतं. ताप आलेल्या माणसाबद्दल आम्ही 'ताप आल्याचा दावा' असं लिहितो का? मारलं म्हणणाऱ्या बाईबद्दल लिहितो. वाचणारा न्यायाधीश त्यातून एवढंच घेतो की नर्सचा हिच्यावर विश्वास नव्हता. लिहायचं 'पेशंट म्हणाली', आणि पुढे तिचे शब्द, जसेच्या तसे, अवतरणचिन्हांत. कुणी मारलं तेही तिच्याच शब्दांत. जखमेची जागा, लांबीरुंदी सेंटिमीटरमध्ये, शरीराच्या छापील आकृतीवर खूण. तिची परवानगी असेल तर फोटो, शेजारी मोजपट्टी धरून. काळानिळा डाग रंगावरून किती दिवसांचा ते सांगता येत नाही, तेव्हा 'तीन दिवसांपूर्वीचा' असं ठोकून द्यायचं नाही. रंग लिहायचा, बस. आणि वेळ.

२००१ साली अमेरिकेत याच विषयावर एक सरकारी अहवाल निघाला. मारहाण झालेल्या बायकांचे केसपेपर कोर्टात किती उपयोगी पडतील ते तपासलेलं. इजा असलेल्या ९३ भेटींपैकी फोटो फक्त एकीत होता. शरीराची आकृती तीन भेटींत. आणि हातानं लिहिलेल्या भेटींपैकी एक तृतीयांशात महत्त्वाच्याच ओळी वाचता येत नव्हत्या. हे शेवटचं वाचून मी तेव्हा हसले होते.

आता बरंचसं संगणकावर असतं, अक्षराचा प्रश्न मिटला, पण नवा आला. नोंदी पेशंटच्या मोबाइलवर दिसतात, आणि त्या मोबाइलचा पासवर्ड घरात कुणाला माहीत असतो? लिहिण्याआधी विचारते, तुमचा फोन अजून कोण बघतं. तिनं सांगितलं तर नोंद तिथे दिसणार नाही अशी लपवायची. मदतीच्या नंबराचं कार्ड बुटात मावेल एवढं लहान छापतो. तेही सगळ्याजणी घेत नाहीत. एक जण म्हणाली, नंबर पाठ करते, आणि तिथेच उभ्या उभ्या चार वेळा पुटपुटली.

यातलं सगळं शिकून झाल्यावर एका रात्री आमच्यातलीच एक, माझ्याहून दहा वर्षांनी लहान, औषधांचं कपाट लावताना म्हणाली, "ताई, ते कॅलेंडर एक मलाही द्या." मी तिच्याबरोबर सहा वर्षं काम करत होते. ती उन्हाळ्यातही लांब बाह्यांचं स्वेटर घालायची. थंडी फार वाजते म्हणायची. मी तिला माझं स्वेटरसुद्धा दिलं होतं एकदा.

तर, तिसरा कागद. तोही माझाच निघाला, पहिल्यानंतर साडेतीन वर्षांनी, प्रशिक्षणानंतरचा. तिला तेव्हा मी ओळखलं नव्हतं. कागद हातात येईपर्यंत या दोन बायका एकच आहेत हे मला माहीतच नव्हतं. पण तो कागद भरलेला होता, पाठपोट. आकृतीवर दोन खुणा, मानेच्या दोन्ही बाजूंना. उजव्या पापणीच्या आत लाल ठिपके. आवाज घोगरा. वेळ रात्री दोन चाळीस. कुणाला फोन केला, काय तपासण्या झाल्या.

क्लार्कनं प्रतीवर शिक्का मारला. बाईनं कागद घेतला, लांबून पाहिला, जवळून पाहिला. चष्मा घरी राहिलाय म्हणाली. "तुम्हीच वाचता का?"

वाचलं. "पेशंट म्हणाली, 'त्यानं दोन्ही हातांनी गळा धरला. सोडेना. मला दिसेनासं झालं. शुद्धीवर आले तेव्हा कपडे ओले होते. मुलगी दारात उभी होती.'"

"हे मी सांगितलं होतं?"

"हो."

"मुलीचंसुद्धा?"

तिनं कागदाची नीट घडी घातली, मग परत उघडला, आणि त्या ओळी कुठून सुरू होतात ते मला बोटानं दाखवायला सांगितलं.